इतके क्लब बदलले म्हणजे खेळाडूत खोट असते का? दारिओ ह्युबनरच्या निमित्तानं

प्रश्न थोडक्यात असा होता: "दारिओ ह्युबनर या इटालियन फुटबॉलपटूची माहिती वाचली. ओळीनं आठ-नऊ क्लब, राष्ट्रीय संघाकडून एकही सामना नाही, तिशीपर्यंत पहिल्या श्रेणीचं तोंड पाहिलेलं नाही आणि पस्तिसाव्या वर्षी त्याच पहिल्या श्रेणीत, म्हणजे सेरी आमध्ये, सर्वाधिक गोल! हे जुळतं कसं? एवढा चांगला होता तर मोठ्या क्लबनं उचलला का नाही? सतत क्लब बदलणाऱ्या खेळाडूत काही खोट असते असं धरायचं का? आणि तो सिगारेट ओढायचा हे खरं का?"

सिगारेटचं शेवटी बघू. बाकीच्यातला शेवटचा प्रश्न मुळाशी आहे, म्हणून तो आधी घेतो. खेळाडूंचे कागद वाचणं हाच माझा धंदा. एजंटानं पाठवलेली माहिती तपासायची, कुठल्या वर्षी किती मिनिटं खेळला ते काढायचं, करार कसा होता, दुखापत काय होती हे पाहायचं आणि घ्यायचा की नाही याबद्दल क्लबला मत द्यायचं. इंडियन सुपर लीग सुरू झाली तेव्हा पस्तिशीच्या आगेमागे असलेल्या इटालियन खेळाडूंचे कागद भराभर यायला लागले. बहुतेकांच्या नावापुढे आठ-दहा क्लब. ते पाहिल्यावर बैठकीतला पहिला शेरा हमखास ठरलेला: "हा कुठं टिकतच नाही हो."

आता हे पाहा. इटलीचा नामांकित खेळाडू रोबेर्तो बाज्जो याचे क्लब मोजा. विचेन्झा, फिओरेन्तिना, युव्हेन्तुस, मिलान, बोलोन्या, इंटर, ब्रेशिया. सात. ह्युबनरचे व्यावसायिक क्लब मोजा. पेर्गोक्रेमा, फानो, चेझेना, ब्रेशिया, पियाचेन्झा, अँकोना, पेरुजा, मांतोव्हा. आठ. फरक एका क्लबचा. पण बाज्जोला कुणी भटक्या म्हणत नाही, कारण त्याच्या यादीतली नावं आपल्या ओळखीची आहेत. म्हणजे आपण क्लब मोजतच नसतो. अनोळखी गावांची नावं दिसली की मनात शंका येते आणि त्या शंकेला आपण आकड्याचा आधार देतो.

इटालियन स्ट्रायकर क्रिस्तियान व्हिएरीचं उदाहरण तर याहून बोलकं. १९९१ ते १९९९ या काळात तो जवळपास दर उन्हाळ्यात क्लब बदलत होता. तोरिनो, पिसा, राव्हेन्ना, व्हेनेझिया, आतालांता, युव्हेन्तुस, आतलेतिको माद्रिद, लाझिओ आणि मग इंटर. त्या शेवटच्या बदलीला इंटरनं ९० अब्ज लिरा (इटलीचं जुनं चलन) मोजले, तो त्या वेळचा जागतिक विक्रम होता. एवढ्या वेगानं क्लब बदलूनही 'टिकत नाही' असं कुणी म्हणालं नाही, कारण प्रत्येक पाऊल वरच्या पायरीवर पडत होतं. तेव्हा यादी हातात आली की मी दोनच गोष्टी शोधतो. बदली वर, खाली की त्याच पातळीवर झाली? आणि ती कुणी ठरवली? खेळाडूनं, क्लबनं, की क्लबच्या कर्जानं?

हा दुसरा मुद्दा इटलीबाहेर बसून चटकन लक्षात येत नाही, म्हणून जरा विस्तारानं सांगतो.

इटलीत व्यावसायिक फुटबॉलचा पसारा प्रचंड आहे. आज सेरी आमध्ये २०, सेरी बीमध्ये २० आणि सेरी सीमध्ये ६०, असे शंभर क्लब आहेत. ह्युबनरच्या उमेदीच्या काळात तिसऱ्या थराचे सी-१ आणि त्याखाली सी-२ असे दोन भाग होते आणि एकूण क्लब सव्वाशेच्या वर होते. पन्नास-साठ हजार वस्तीच्या गावाचासुद्धा पगारी संघ असायचा. अशा क्लबचं उत्पन्न म्हणजे स्थानिक कारखानदाराची मर्जी आणि खेळाडू विकून येणारा पैसा. कारखानदाराचा धंदा बसला की क्लब बसतो. मोठेही यातून सुटलेले नाहीत. २००२ मध्ये फिओरेन्तिना बुडाला, २००४ मध्ये नापोली, २०१५ मध्ये पार्मा. क्लब बुडाला की खेळाडू मोकळे होतात आणि पुढच्या मोसमाच्या रकान्यात वेगळंच नाव लागतं. अशा वेळी आंजेलो दी लिव्हियोसारखा एखादाच तिथंच थांबतो. युव्हेन्तुसकडून सगळं जिंकलेला हा माणूस २००२ मध्ये फिओरेन्तिनाच्या नव्यानं उभ्या राहिलेल्या संघाबरोबर थेट चौथ्या श्रेणीत उतरला. फ्लोरेन्समध्ये त्याचं नाव आजही निघतं ते त्यासाठी.

दुसरं म्हणजे उसनवारी. मोठा क्लब विशीतली पोरं गोळा करतो आणि खालच्या श्रेणीत वर्षा-वर्षासाठी खेळायला पाठवतो. म्हणून पंचविशीच्या खेळाडूच्या नावापुढे सहा क्लब दिसले तरी त्यातले चार त्यानं निवडलेलेच नसतात. वर २०१४ पर्यंत अर्ध्या मालकीची पद्धतही होती. एका खेळाडूचे निम्मे हक्क एका क्लबकडे, निम्मे दुसऱ्याकडे. मुदत संपताना दोघांचं जमलं नाही तर बंद पाकिटात बोली लावायची, ज्याचा आकडा मोठा त्याचा खेळाडू. याचा सगळ्यात गाजलेला किस्सा १९७८ चा. स्ट्रायकर पाओलो रोस्सीसाठी विचेन्झाच्या अध्यक्षांनी पाकिटात २.६ अब्ज लिरांची बोली लिहिली. युव्हेन्तुसचा आकडा एक अब्जाच्याही खाली होता. रोस्सी विचेन्झाचा झाला, देशभर आरडाओरड झाली आणि पुढच्याच मोसमात विचेन्झा सेरी बीमध्ये घसरला. मग रोस्सीची रवानगी पेरुजाला, उसनवारीवर. या साऱ्या प्रकारात रोस्सीच्या इच्छेला किती जागा होती ते तुम्हीच ठरवा.

आणखी एक पेच आहे, पण तो नंतरच्या पिढीचा. हिशेबात नफा दिसावा म्हणून क्लब आपापसात तरुण खेळाडूंची फुगवलेल्या किमतीला अदलाबदल करत. किएव्हो या क्लबला २०१८ मध्ये तीन गुणांची शिक्षा झाली ती अशाच व्यवहारांसाठी. त्यामुळे काही इटालियन खेळाडूंच्या यादीत असाही एखादा क्लब सापडतो, ज्याची जर्सी त्यांनी एकदाही अंगात घातली नाही.

हे सगळं डोक्यात ठेवून ह्युबनरकडे वळू. त्याची यादी वरवर दिसते त्याच्या नेमकी उलटी आहे. १९६७ चा जन्म, त्रिएस्तेजवळच्या मुज्जाचा. शाळा लवकर सुटलेली, ॲल्युमिनियमच्या खिडक्या बसवायचं काम करत हौशी फुटबॉल खेळणारा पोरगा. कुठल्याही मोठ्या क्लबच्या अकादमीत गेला नाही, आणि त्याच्या कारकिर्दीचा आकार मुळात इथंच ठरला असं माझं मत आहे. अकादमीतून आलेल्या पोराच्या मागे क्लबनं घातलेला पैसा असतो, म्हणून तो दोन मोसम फसला तरी तिसरी संधी मिळते. बाहेरून आलेल्याला प्रत्येक पायरीवर आधी गोल दाखवावे लागतात. ह्युबनर व्हेनेतोमधल्या पियेव्हिजिना या हौशी संघातून निघाला, एक मोसम पेर्गोक्रेमाला सी-२ मध्ये खेळला आणि १९८९ मध्ये ॲड्रियाटिक किनाऱ्यावरच्या फानोला गेला. तिथं तीन वर्षं. तिसऱ्या वर्षी, १९९१-९२ ला, सी-१ मधल्या त्याच्या गटात सर्वाधिक गोल त्याचे.

मग चेझेना, सेरी बी. तिथं पाच वर्षं. १९९५-९६ मध्ये २२ गोल आणि सेरी बीचा अव्वल गोलवीर. लक्षात घ्या, तेव्हा तो २९ वर्षांचा झाला होता. पुढच्या मोसमात चेझेना घसरून सी-१ मध्ये गेला आणि त्याच उन्हाळ्यात सेरी बी जिंकून वर आलेल्या ब्रेशियानं त्याला घेतलं. तिशी गाठल्यावर सेरी आमध्ये पहिलं पाऊल. तारीख ३१ ऑगस्ट १९९७, मैदान सान सीरो, समोर इंटर, आणि इंटरकडून त्याच दिवशी ब्राझीलच्या रोनाल्दोचं पदार्पण. सारा देश रोनाल्दोला बघायला बसलेला, आणि पहिला गोल मारला ह्युबनरनं! पुढं आल्व्हारो रेकोबानं लांबून दोन अफलातून गोल ठोकले आणि इंटर २-१ जिंकला, म्हणून त्या सामन्याची आठवण निघते ती रेकोबासाठी. ह्युबनरच्या नशिबात हे वारंवार आलं आहे.

त्या मोसमात त्याचे १६ गोल झाले तरी ब्रेशिया घसरला. इथं कुणीही चांगला एजंट खेळाडूला बाहेर काढतो. ह्युबनर थांबला. सेरी बीमध्ये सलग दोन मोसम २१-२१ गोल केले आणि २००० मध्ये संघ वर आला. पुढच्या वर्षी कार्लो माझ्झोने प्रशिक्षक, शेजारी बाज्जो, आणि जानेवारीत इंटरकडून उसनवारीवर आलेला आंद्रेआ पिर्लो. ह्युबनरचे १७ गोल. चार वर्षांत लीगमध्ये ७५ गोल. फानो तीन, चेझेना पाच, ब्रेशिया चार. बारा वर्षांत तीन क्लब! याला भटकंती म्हणायचं असेल तर स्थिर कशाला म्हणणार?

२००१ च्या उन्हाळ्यात ब्रेशियानं लुका तोनीला आणलं आणि ३४ वर्षांचा ह्युबनर पियाचेन्झाला गेला. पियाचेन्झा म्हणजे नव्वदच्या दशकात निव्वळ इटालियन खेळाडूंवर सेरी आमध्ये तग धरून राहिलेला क्लब. परदेशी खेळाडू तिथं आले ते याच मोसमात. प्रशिक्षक वॉल्टर नोव्हेल्लिनो. डावपेच साधा: मागं घट्ट राहायचं, चेंडू हिसकावला की बचावफळीच्या पाठीमागं फेकायचा आणि ह्युबनरला धावू द्यायचं. ५ मे २००२ ला, शेवटच्या दिवशी, पियाचेन्झानं व्हेरोनाला ३-० हरवलं. पियाचेन्झा वाचला, व्हेरोना घसरला, आणि २४ गोलांसह ह्युबनर सेरी आचा संयुक्त अव्वल गोलवीर ठरला. बरोबरीला होता विजेत्या युव्हेन्तुसचा दाव्हिद त्रेझेगे, वयानं दहा वर्षांनी लहान. एवढ्या वयात हा मान त्याआधी कुणालाही मिळाला नव्हता. तो विक्रम २०१५ मध्ये मोडला, आणि मोडला कुणी, तर त्याच लुका तोनीनं, ३८ व्या वर्षी, व्हेरोनाकडून. तोनीची क्लबांची यादी ह्युबनरच्या जवळपास दुप्पट आहे.

तर मोठ्या क्लबनं का नाही उचललं? याला एक उत्तर नाही, आणि जो एकच कारण सांगेल त्याच्यावर विश्वास ठेवू नका. मला सगळ्यात वजनदार वाटतं ते वय. त्याचा पहिला ठळक, देशभर दिसलेला मोसम आला तोच २९ व्या वर्षी. त्या वयाच्या खेळाडूवर मोठी रक्कम लावली तर ती पुढे विकून परत मिळत नाही, आणि हिशेब बघणारा माणूस हे पहिल्या पाच मिनिटांत सांगतो. मीही सांगतो, तेच माझं काम आहे. दुसरं, काळ. डिसेंबर १९९५ मध्ये युरोपीय न्यायालयाचा बोसमन निकाल लागला आणि युरोपीय संघातल्या देशांच्या खेळाडूंवरची संख्येची बंधनं गळून पडली. पैसेवाल्या इटालियन क्लबांना परदेशातला मोठा बाजार खुला असताना सेरी बीमधला तिशीचा स्थानिक पर्याय कोण बघतो?

तिसरं कारण खेळाच्या पद्धतीचं. ह्युबनर मोकळ्या जागेत धोकादायक होता. लांब पल्ल्याचा वेग, धिप्पाड अंगकाठी, चेंडू पुढं टाकून बचावपटूला मागं टाकणं. युव्हेन्तुस किंवा मिलानच्या पुढं समोरचा संघ नऊ माणसं गोलासमोर उभी करतो, मागं मोकळी जागा उरतच नाही. छोट्या संघाचा स्ट्रायकर मोठ्या संघात गेला की त्याचे गोल आटतात ते पुष्कळदा यामुळं. तो भित्रा किंवा आळशी झालेला नसतो. इगोर प्रोत्तीचं बघा. तोही १९६७ चाच, रिमिनीचा. १९९५-९६ मध्ये बारीकडून २४ गोल करून ज्युझेप्पे सिन्योरीबरोबर सेरी आचा अव्वल गोलवीर ठरला, आणि बारी त्याच मोसमात घसरला! मग लाझिओनं त्याला घेतलं. तिथं जम बसला नाही. १९९७-९८ मध्ये उसनवारीवर नापोलीला गेला, तो संघ १४ गुणांनिशी तळाशी. शेवटी १९९९ मध्ये तो लिव्होर्नोला परतला, जिथं विशीच्या सुमारास खेळला होता. दोनदा सी-१ चा आणि २००२-०३ ला सेरी बीचा अव्वल गोलवीर झाला आणि २००४ मध्ये त्या गावाला ५५ वर्षांनी सेरी आमध्ये घेऊन गेला. सेरी आ, सेरी बी आणि सी-१, तिन्हीत अव्वल ठरलेले ह्युबनर आणि प्रोत्ती हे दोघंच. प्रोत्तीच्या यादीतला सगळ्यात मोठा क्लब हाच त्याचा सगळ्यात फिका काळ. ह्युबनरला तशी संधी मिळाली असती तर काय झालं असतं याचा अंदाज मी प्रोत्तीवरून बांधतो.

राष्ट्रीय संघाचं उत्तर छोटं आहे. २००२ च्या विश्वचषकासाठी प्रशिक्षक जोव्हान्नी त्रापात्तोनीकडे व्हिएरी, देल पिएरो, तोत्ती, इन्झागी, माँतेल्ला होते. पस्तिशीच्या नवख्याला त्या रांगेत जागा नव्हती. यात अन्याय शोधू नये.

आता खोटीचा मुद्दा. खोट कधी असतच नाही असं माझं म्हणणं नाही. जानेवारीत, म्हणजे मोसमाच्या मध्यातच, वारंवार क्लब सोडणारा, तीन वेगळ्या प्रशिक्षकांच्या हाताखाली मिनिटं कमी कमी होत गेलेला, करार शिल्लक असताना आपसात मिटवून बाहेर पडलेला खेळाडू असेल तर मी सावध होतो. पण दर वर्षी तीसेक सामने खेळून तरीही क्लब बदलत असेल, तर तो हवाहवासा आहे आणि त्याचा क्लब गरीब आहे एवढाच अर्थ निघतो. तिशीनंतर वेगळेच नियम आड येतात. इटलीत खालच्या व्यावसायिक श्रेणीत तरुण खेळाडूंना मैदानात मिनिटं दिली की क्लबला पैसे मिळतात. त्यामुळे ३१-३२ वर्षांचा चांगला खेळाडूही निव्वळ जन्मसालामुळे नकोसा होतो आणि एकेका वर्षाच्या करारावर फिरतो. उन्हाळ्यात इटलीतली खेळाडूंची संघटना, जी १९६८ पासून चालू आहे, अशा बिनकराराच्या खेळाडूंसाठी सराव शिबिर भरवते. तिथं येणारे बहुतेक जण खोटे नाणे नसतात, त्यांचं वय आड आलेलं असतं.

२०१४ मध्ये बालेवाडीच्या मैदानावर इंडियन सुपर लीगमधल्या पुणे सिटीकडून जे इटालियन खेळले त्यांच्याकडे याच नजरेनं बघा. गोलरक्षक एमानुएले बेलार्दी अनेक क्लब फिरलेला, पण त्यात युव्हेन्तुसमध्ये बुफ्फोनच्या मागं राखीव म्हणून काढलेली वर्षंही आहेत. राखीव गोलरक्षकाची मिनिटं मोजून काय कळणार? बचावपटू ब्रुनो चिरिल्लो रेज्जिना, इंटर, लेच्चे, सिएना, अथेन्सचा एईके, पाओक असं करत आलेला. आणि त्याच संघात दाव्हिद त्रेझेगेही होता. २००२ मध्ये ह्युबनरबरोबर अव्वल ठरलेला त्रेझेगे पुणेकरांनी प्रत्यक्ष पाहिला, पण ह्युबनरचं नाव त्यातल्या किती जणांनी ऐकलं असेल कोण जाणे.

राहिली सिगारेट. हो, खरं आहे. तो ओढायचा आणि त्यानं ते कधी लपवलंही नाही. २००२ चा मोसम संपल्यावर मिलाननं त्याला अमेरिकेतल्या मैत्रीपूर्ण सामन्यांसाठी बरोबर नेलं होतं, पण करार काही झाला नाही. सिगारेटमुळं फिसकटलं असं सांगायला सगळ्यांना आवडतं. मला ३५ हा आकडा पुरेसं कारण वाटतो. तो पियाचेन्झाला परतला. पुढच्या मोसमात संघ घसरला. मग अँकोनाला गेला, जिथं तो मोसम १३ गुणांवर संपला आणि उन्हाळ्यात क्लबच बुडाला. तोवर, मोसमाच्या मध्यातच, तो पेरुजाला गेला होता, आणि पेरुजाही घसरला. यादीत एका वर्षात दोन क्लब दिसतात ते हे. नंतर सी-१ मध्ये मांतोव्हा, जो २००५ मध्ये सेरी बीत चढला. त्यानंतर चाळिशी ओलांडली तरी लोम्बार्दीतल्या हौशी संघांकडून तो रविवारी खेळत होता. ती नावं धरली तर यादी आणखी लांबते. तुम्ही मोजलेल्या आठ-नऊमध्ये ती बहुधा नसावीत.